जुन्या पिकअपचा डिझेल फिल्टर : जंगलवाटेवरील आवश्यक कसब

आलापल्लीहून भामरागडकडे जाणारा रस्ता साठ-पासष्ट किलोमीटरचा आहे. दुतर्फा साग, ऐन आणि बांबूचे रान, वाटेत ताडगाव, हेमलकसा अशी मोजकी गावे आणि मधल्या लांब पट्ट्यात गॅरेज असे काही नाही. अशा वाटेवर पंधरा-वीस वर्षे वयाची डिझेल पिकअप चढणीला लागते, गचके खाऊ लागते, चालक गिअर उतरवतो, अ‍ॅक्सिलरेटर दाबतो, तरी इंजिन वेग घेत नाही आणि अखेर शांतपणे बंद पडते. पुन्हा सेल्फ मारला की इंजिन फिरते, पण धरत नाही. अशा प्रसंगी इंजिन 'बसले' असा निष्कर्ष काढण्याची घाई होते. प्रत्यक्षात दोष पुष्कळदा इंजिनाच्या बाहेर, डिझेलच्या वाटेवर बसविलेल्या वीतभर उंचीच्या एका डब्यात असतो. तो डबा म्हणजे डिझेल फिल्टर होय.

शहरातील वाहनमालकाच्या दृष्टीने फिल्टर बदलणे ही सर्व्हिसिंगच्या बिलातील एक ओळ असते. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन वनजिल्ह्यांत मात्र तिचा अर्थ बदलतो. येथील पिकअपमध्ये कधी धानाची पोती असतात, कधी तेंदूपत्त्याचे बोद, कधी आठवडी बाजाराला निघालेली माणसे, तर कधी दवाखान्यात तातडीने न्यायचा रुग्ण. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून वेगळा झाला, तरी सिरोंचा आणि भामरागड ही तालुक्याची ठिकाणे जिल्हा मुख्यालयापासून आजही पावणेदोनशे ते सव्वादोनशे किलोमीटर दूर आहेत. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, ही बातमी वृत्तपत्राच्या वाचकांना वर्षानुवर्षे परिचित आहे. पूर ओसरल्यावर जी पहिली वाहने निघतात, त्यांत एमएच ३३ आणि एमएच ३४ क्रमांकांच्या या जुन्या पिकअप असतात. त्या वाटेत थांबू नयेत, यासाठी चालकाला फिल्टर बदलता येणे आणि विशेषतः त्यानंतर डिझेलच्या मार्गात शिरलेली हवा काढता येणे अगत्याचे ठरते. नवे भांडे बसविणे हे निम्मे काम आहे. उरलेले निम्मे काम हवेचे असते, आणि बहुतेक फजिती त्या दुसऱ्या अर्ध्यात होते.

गाळणीची गरज का?

डिझेल इंजिनात पेट्रोल इंजिनासारखी ठिणगी नसते. सिलिंडरमध्ये हवा दाबली जाऊन अतिशय तप्त होते आणि त्या क्षणी डिझेलचा बारीक फवारा आत सोडला की ते पेट घेते. हा फवारा सोडण्यासाठी जुन्या थेट-फवारणीच्या इंजिनांत वातावरणाच्या दोनशे पटींच्या आसपास दाब लागतो. तो निर्माण करणाऱ्या पंपात एक लहानसा दट्ट्या आणि त्याची नळी यांमधील अंतर दोन ते चार मायक्रॉन इतकेच असते. माणसाचा केस सुमारे सत्तर मायक्रॉन जाडीचा असतो, हे लक्षात घेतले म्हणजे या अचूकतेची कल्पना येईल. येथे रबरी पॅकिंग नसते. धातूच धातूला घासून दाब अडवतो आणि दोहोंमधील वंगण म्हणजे खुद्द डिझेल. त्यात धुळीचा बारीक कण गेला तर दट्ट्यावर ओरखडा उठतो आणि पाणी गेले तर गंज चढतो. एकदा दाब निसटू लागला की पंप उघडून दुरुस्त करण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

जर्मनीच्या रॉबर्ट बॉश यांच्या कंपनीने डिझेलच्या या पंपाचे मोठ्या प्रमाणावरील उत्पादन १९२७ मध्ये सुरू केले. भारतात त्याच तंत्राने पंप बनविणारी 'मायको' म्हणजे मोटार इंडस्ट्रीज कंपनी १९५१ मध्ये बंगळूर येथे स्थापन झाली. पुढे तिचा नोझल आणि इंजेक्टरचा कारखाना नाशिकजवळ सातपूर येथे उभा राहिला. २००८ मध्ये कंपनीचे नाव 'बॉश लिमिटेड' झाले, तरी जुने मिस्त्री अजूनही 'मायको पंप' असेच म्हणतात, आणि दुकानात फिल्टर मागतानाही ते नाव चालते.

पंप दोन प्रकारचे आढळतात आणि आपल्या गाडीत कोणता आहे हे मालकाला ठाऊक असावे. एका ओळीत प्रत्येक सिलिंडरसाठी स्वतंत्र दट्ट्या असलेला 'इनलाइन' पंप हा जुना आणि दणकट. त्याच्या खालच्या भागाला इंजिन ऑइलचे वंगण मिळते. दुसरा गोलाकार बांधणीचा 'रोटरी' पंप आकाराने लहान आणि वजनाला हलका असतो, पण त्याचे सारे अंतरंग केवळ डिझेलवरच गुळगुळीत राहते. त्यामुळे पाणी, भेसळ किंवा कोरडे फिरणे रोटरी पंपाला अधिक महाग पडते. १९८८ मध्ये आलेल्या टाटामोबाइलपासून पुढच्या '२०७' पर्यंत आणि महिंद्राच्या प्यूजो घराण्यातील इंजिनांपासून नंतरच्या 'डीआय' पिकअपपर्यंत विविध वर्षांच्या गाड्यांत निरनिराळे पंप बसविले गेले. तेव्हा नावावरून अंदाज न बांधता बोनेट उघडून पाहणे बरे. इंजेक्टरकडे जाणाऱ्या लोखंडी नळ्या एका सरळ रांगेतून निघत असतील तर पंप इनलाइन, एका गोल डोक्यातून निघत असतील तर रोटरी.

या भागातील डिझेलची वाट

पंपावरून टाकीत पडणारे डिझेल आज पूर्वीपेक्षा पुष्कळ स्वच्छ आहे. देशभर २००० मध्ये लागू झालेल्या मानकांनुसार त्यात दशलक्ष भागांत २५०० भाग गंधक चालत असे. 'भारत स्टेज ४' हे मानक १ एप्रिल २०१७ रोजी सर्वत्र लागू झाले तेव्हा ही मर्यादा ५० वर आली आणि १ एप्रिल २०२० पासून 'भारत स्टेज ६' नुसार ती केवळ १० आहे. पण गंधक काढून टाकताना डिझेलचा अंगभूत वंगणगुणही घटतो. म्हणून तेलशुद्धीकरण कारखान्यांत त्यात वंगण राखणारी द्रव्ये मिसळतात. जुन्या गाडीच्या मालकाने येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. नव्वदच्या दशकात पाश्चात्त्य देशांत कमी गंधकाचे डिझेल आले तेव्हा जुन्या पंपांतील वयस्क रबरी सील आकसून पाझरू लागल्याच्या तक्रारी झाल्या होत्या. पंधरा-वीस वर्षांच्या गाडीत सकाळी हवा धरण्याचा त्रास वारंवार होत असेल तर नव्या फिल्टरवर पुन्हा खर्च करण्याआधी रबरी नळ्या, क्लिपा आणि सील तपासलेले बरे.

डिझेल स्वच्छ असले तरी त्याचा टाकीपर्यंतचा प्रवास स्वच्छ असेलच असे नाही. आलापल्ली, अहेरी सोडले की आतल्या गावांत डिझेल ड्रममधून, कॅनमधून, प्रसंगी पाण्याच्या बाटल्यांतून विकले जाते. ड्रम उघड्यावर उभा असतो, त्याच्या तोंडाभोवती पावसाचे पाणी साचते आणि रात्री ड्रम थंड होऊन आकसला की ते पाणी बुचाच्या फटीतून आत ओढले जाते. ड्रम आडवा, दोन्ही बुचे डिझेलखाली राहतील असा ठेवला तर हा दोष टळतो, परंतु तेवढे कोणी सांगत नाही. उन्हाळ्यात चंद्रपूरचा पारा ४६-४७ अंशांपर्यंत चढतो, पावसाळ्यात हवा ओलाव्याने जड होते आणि दिवस-रात्रीच्या तापमानात फरक पडला की अर्धी रिकामी टाकी आतल्या हवेतील बाष्प गाळून पाणी करते. मुक्कामाच्या रात्री टाकी भरून ठेवावी, हा जुन्या चालकांचा सल्ला त्यामुळे शास्त्रशुद्ध आहे.

पाणी आणि डिझेल यांच्या सीमेवर आणखी एक जीव वाढतो. उष्ण, दमट हवेत एक प्रकारची बुरशी आणि जिवाणू तेथे वस्ती करतात. डिझेल हे त्यांचे अन्न आणि तळातले पाणी हा त्यांचा आसरा. त्यांच्यामुळे काळपट, बुळबुळीत गाळ तयार होतो आणि नवा फिल्टरही थोड्याच दिवसांत तुंबतो. असा गाळ दिसला तर केवळ फिल्टर बदलून भागणार नाही, टाकी उतरवून धुवावी लागेल. लडाखसारख्या प्रदेशात थंडीने डिझेलचे मेण होऊन फिल्टर तुंबतो. तो प्रश्न मात्र आपल्याकडे नाही.

लक्षणे ओळखताना

फिल्टर तुंबला की इंजिन उपाशी राहते. रिकाम्या गाडीत सपाटीवर काहीच जाणवत नाही. भार आणि चढण आली की मात्र वेग पडतो. काही वेळ थांबून पुन्हा सुरू केले तर गाडी दोन-तीन किलोमीटर बरी चालते आणि पुन्हा तेच. येथे धुराचा रंग उपयोगी पडतो. काळा धूर ओकत ताकद कमी झाली असेल तर हवेचा फिल्टर आधी पाहावा. सुरजागडच्या लोहखनिजाची वाहतूक ज्या मार्गांवरून होते तेथील आणि चंद्रपूर परिसरातील कोळशाच्या धुळीत हवेचाच फिल्टर आधी हात टेकतो. डिझेल कमी पडत असेल तर काळा धूर होत नाही, नुसती ताकद जाते.

आणखी दोन तपासण्या पाना हाती घेण्यापूर्वी करून घ्याव्यात, कारण त्या फुकट आहेत. टाकीचे झाकण उघडताच हवा आत ओढल्याचा 'सुस्' असा आवाज आला आणि त्यानंतर गाडी नीट चालू लागली, तर झाकणाचे श्वासछिद्र चिखलाने बुजले आहे. दुसरे म्हणजे टाकीपासून येणारी रबरी नळी. ती बाहेरून धडधाकट दिसते आणि आतून सोलून पापुद्रे धरते. इंजिन चालू असताना ती चपटी होत असेल तर बदलावी. या दोन कारणांसाठी नवाकोरा फिल्टर विकत घेणारे मालक कमी नाहीत.

प्रत्यक्ष बदल

जुन्या पिकअपमध्ये फिल्टरची दोन रूपे दिसतात. एक आट्यांवर फिरवून बसविण्याचा बंद डबा. त्याच्या तळाशी पाणी काढण्याची चावी आणि वरच्या डोक्यावर बहुधा हाताने दाबण्याचा लहान पंप असतो. त्याला 'प्रायमर' म्हणतात. दुसरे, अधिक जुने रूप म्हणजे मधल्या लांब बोल्टने आवळलेली वाटी आणि तिच्या आतली सुटी गाळणी. अशा दोन वाट्या शेजारी-शेजारी असल्या तर पहिलीत बहुधा कापडी आणि दुसरीत कागदी गाळणी असते. या रूपात प्रायमर फीड पंपावर, इंजिनाच्या अंगाला असतो.

काम सुरू करण्यापूर्वी गाडी सपाट जागी, हँडब्रेक लावून, चाकाला दगड देऊन उभी करावी आणि इंजिन निवू द्यावे. बिडी-सिगारेट दूर. विदर्भात १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा काळ मानला जातो. त्या दिवसांत पानगळीच्या थरावर डिझेलने भिजलेली चिंधी टाकणे हा केवळ अस्वच्छतेचा प्रश्न राहत नाही.

पहिली कृती स्वच्छतेची आहे आणि नेमकी तीच वगळली जाते. फिल्टरच्या डोक्याभोवती साचलेला चिखल ब्रशने आणि डिझेलच्या फडक्याने पुसून काढावा. ही धूळ आत पडली तर ती गाळणीच्या पलीकडच्या, म्हणजे पंपाच्या बाजूला पडते आणि तेथून तिला अडविणारे कोणी नसते. धागे सुटणारे फडके वापरू नये.

मग तळाची चावी सैल करून थोडे डिझेल काचेच्या पारदर्शक बाटलीत घ्यावे आणि बाटली पाच-दहा मिनिटे स्थिर ठेवावी. पाणी असल्यास ते खाली वेगळा थर धरते. 'डिझलात पानी हाये' हे निदान झाडीपट्टीतला मिस्त्री असाच करतो, आणि त्यासाठी कोणतेही यंत्र लागत नाही. पाणी बरेच निघाले तर दोष फिल्टरचा नसून टाकीचा किंवा शेवटच्या डिझेल खरेदीचा आहे, हे लगेच कळते.

डब्याचा फिल्टर पट्ट्याच्या पान्याने उलट फिरवून काढावा. पट्टा नसेल तर जुन्या डब्यात पेचकस आरपार ठोकून फिरविण्याची पद्धत आहे. ती शेवटचा उपाय म्हणूनच वापरावी, कारण पत्रा फाटला आणि डबा हलला नाही तर गाडी तेथेच अडकते. डबा निघाल्यावर डोक्याच्या खालच्या पृष्ठभागावरून बोट फिरवावे. जुनी रबरी रिंग तेथे चिकटून राहिलेली असते. तिच्यावरच नवा डबा चढवला तर दोन रिंगा एकमेकींवर बसतात, वरकरणी सारे घट्ट वाटते आणि गाडी सकाळ-सकाळ हवा धरू लागते. ही चूक नवख्यांचीच असते असे नाही.

नव्या डब्याच्या रिंगेला डिझेलचे बोट लावावे. डबा आधी डिझेलने भरावा की रिकामा बसवावा, याविषयी मिस्त्र्यांत मतभेद आहेत. ज्या गाडीत प्रायमर आहे तेथे रिकामा बसवून हाताने भरणे अधिक सुरक्षित, कारण मग प्रत्येक थेंब गाळून पुढे जातो. प्रायमर नसेल किंवा मोडला असेल तर भरावे लागेल, पण ते कडेच्या लहान छिद्रांतून, मधल्या मोठ्या छिद्रातून कधीही नाही. बहुतेक डब्यांत मधले छिद्र हे गाळलेल्या डिझेलचे असते. तेथून ओतलेले डिझेल थेट पंपात जाते. डबा हाताने फिरवत रिंग टेकली की त्यापुढे सुमारे पाऊण फेरा पुरे. पान्याने आवळण्याचा मोह टाळावा. पुढच्या वेळी तोच डबा रस्त्यात काढायचा आहे.

वाटीच्या प्रकारात बोल्ट सैल करताना वाटी खालून धरावी, नाहीतर स्प्रिंग आणि वायसर गवतात हरवतात. वाटीच्या तळाचा गाळ पुसून, गाळणीबरोबर मिळालेल्या नव्या रबरी रिंगा आणि तांब्याचे वायसर घालावेत. जुनेच वायसर उलटून वापरण्याची सवय येथेही आहे. बोल्टच्या मुळाशी डिझेल पाझरत राहण्याचे ते सामान्य कारण.

हवा काढणे

आता खरा भाग. डिझेल दाबल्याने आकसत नाही, हवा आकसते. पंपाच्या नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर दट्ट्या तोच बुडबुडा दाबतो आणि सोडतो, इंजेक्टर उघडतच नाही. यालाच चालक 'गाडीने एअर पकडली' म्हणतात. फिल्टर उघडला की ती शिरणारच. डिझेल संपून गाडी बंद पडली तरीही तेच होते.

क्रम टाकीपासून इंजिनाकडे असा ठेवावा. फिल्टरच्या डोक्यावरील लहान एअर स्क्रू एक-दोन फेरे सैल करावा आणि प्रायमर दाबत राहावे. प्रथम नुसती हवा, मग फेसाळ डिझेल आणि शेवटी बुडबुड्यांविना सलग धार येते. ती धार चालू असतानाच, प्रायमर दाबत, स्क्रू आवळावा. हात थांबवून आवळला तर हवा पुन्हा आत ओढली जाते. त्यानंतर पंपावरील एअर स्क्रूची तीच क्रिया. प्रायमर कडक लागू लागला की मार्ग भरला असे समजावे. फीड पंपावरील प्रायमरचे बोंड परत आट्यांवर बसवून बंद करायचे असते. ते उघडे राहिले तर तेथूनच हवा शिरते आणि सारे श्रम वाया जातात.

पुष्कळदा एवढ्यावर गाडी सुरू होते. न झाल्यास इंजेक्टरकडे जाणाऱ्या नळ्यांपैकी एक-दोन नट इंजेक्टरपाशी अर्धा फेरा सैल करून दुसऱ्याने सेल्फ मारावा. तेथे डिझेल ठिबकू लागले की आवळावेत. सेल्फ एका वेळी दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त मारू नये आणि मध्ये मिनिटभर विश्रांती द्यावी. रानात बॅटरी उतरली तर एकाचे दोन प्रश्न होतात. सैल नटाजवळ हात किंवा चेहरा नेऊ नये. दाबाखालील डिझेलची बारीक धार कातडी भेदून आत शिरू शकते. जखम टाचणीएवढी दिसते आणि दुखतही नाही, पण ती शस्त्रक्रियेची तातडी असते. आणि ही नट सैल करण्याची रीत फक्त जुन्या यांत्रिक पंपासाठी आहे. 'कॉमन रेल' पद्धतीच्या नव्या गाड्यांत दाब कित्येक पट अधिक असतो, तेथे हे कदापि करू नये.

इंजिन धरल्यावर ते पाच मिनिटे किंचित वाढीव वेगावर चालू द्यावे, मग बंद करून, सर्व सांधे कोरडे पुसून, पुन्हा चालू करून पाहावे. कोरड्या सांध्यावर ओल उमटली तरच गळती समजावी.

चुकीच्या काटकसरी

कागदी गाळणी पेट्रोलने धुऊन पुन्हा घालणे ही सर्वांत प्रचलित काटकसर. धुतल्याने कागदाचे तंतू सुटतात, छिद्रे मोठी होतात आणि इंजिन 'मोकळे' चालल्याचा भास होतो. ते मोकळेपण म्हणजे गाळणे बंद झाल्याची खूण. कापडी गाळणी धुऊन पुन्हा वापरण्याची मुभा काही उत्पादक देत असत, त्यावरून ही सवय कागदीपर्यंत पोहोचली असावी. दुसरी काटकसर फिल्टर वगळून नळी थेट जोडण्याची. जीव वाचविण्यासाठी चार किलोमीटर जायचे असेल तर गोष्ट वेगळी, पण दुसऱ्या दिवशीही ती जोडणी तशीच राहते, हा अनुभव आहे. फिल्टर काही शे रुपयांत मिळतो. पंपाच्या दुरुस्तीत त्याच्या कित्येक पट रक्कम जाते आणि गाडी चंद्रपूर किंवा नागपूरला ओढून न्यावी लागते ते वेगळेच.

एकेकाळी रेशनचे निळे रॉकेल डिझेलमध्ये मिसळण्याचा प्रकार सर्रास होता. रॉकेलला वंगणगुण कमी, त्यामुळे रोटरी पंपांची आयुष्ये त्यात अकाली संपली. वापरलेली गाडी विकत घेताना हा इतिहास कागदपत्रांत दिसत नाही. योग्यता प्रमाणपत्राच्या तपासणीतही, जी मालवाहू वाहनास आठ वर्षांनंतर दरवर्षी करावी लागते, फिल्टर कोणी उघडून पाहत नाही. शेतीसाठी किंवा संस्थेसाठी जुनी पिकअप घेणाऱ्या नागपूर-पुण्याच्या ग्राहकाने म्हणून पहिल्याच दिवशी तळाची चावी सोडून बाटलीत डिझेल पाहावे.

नळी तोंडाने ओढून डिझेल काढणे हा तर काटकसरीचाही भाग नाही, निव्वळ सवय आहे. डिझेल श्वासनळीत गेले तर फुप्फुसाला गंभीर सूज येते. ते गिळले गेल्यास उलटी करविणे अधिक घातक ठरते. रुग्णालय शंभर किलोमीटरवर असताना या सवयीची किंमत साध्या हातपंपाच्या किमतीशी तोलून पाहावी, आणि तो पंप थोडा महाग पडला तरी घ्यावा.

गाडी रानात थांबली तर

चंद्रपूर–मूल रस्त्यावर लोहारा, चिचपल्लीच्या परिसरात किंवा मोहर्लीच्या वाटेवर वाघाचा वावर नित्याचा आहे. मोह वेचणाऱ्या, तेंदू तोडणाऱ्या माणसांवरील हल्ल्यांत वाकून किंवा उकिडवे बसून काम करणारे बळी पडल्याच्या घटना या जिल्ह्याने वारंवार पाहिल्या आहेत. फिल्टर बदलणारा माणूस नेमका तसाच, रस्त्याकडे पाठ करून, मडगार्डवर ओणवा असतो. म्हणून संध्याकाळनंतर अशा पट्ट्यात गाडी थांबली तर काच वर करून, दिवे लुकलुकते ठेवून दुसऱ्या वाहनाची वाट पाहावी आणि काम दोघांनी करावे, एकाने पाना धरून आणि दुसऱ्याने उभे राहून चौफेर पाहत. रुग्ण गाडीत असेल तर त्याला येणाऱ्या वाहनात पुढे पाठवावे, गाडीची दुरुस्ती मागाहून होत राहील.

काढलेला फिल्टर आणि भिजलेल्या चिंध्या नाल्यात किंवा झुडपात टाकू नयेत. डिझेल एका झाकणाच्या डब्यात निथळवून, फिल्टर गोणीत गुंडाळून परत आणावा. निथळलेले डिझेल पुन्हा टाकीत ओतू नये, त्यातच सारा गाळ असतो.

किती किलोमीटरला बदलावा, याचे उत्तर गाडीच्या पुस्तिकेत असते. ते सामान्यतः दहा ते वीस हजारांच्या दरम्यान असते. ड्रममधले डिझेल घेणाऱ्या गाडीने तो आकडा निम्मा धरावा आणि पावसाळ्यात आठवड्यातून एकदा तळाचे पाणी काढावे. मृग लागण्यापूर्वी एक नवा फिल्टर बसवावा आणि दुसरा, रिंगा व वायसरांसह, प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून सीटमागे ठेवावा. सोबत १० ते १९ नंबरपर्यंतचे पाने, पट्ट्याचा पाना, पेचकस, काचेची बाटली, स्वच्छ सुती फडके, टॉर्च, हातभर रबरी नळी आणि दोन क्लिपा असल्या की पुरे. डब्यावर खडूने नव्हे, पक्क्या शाईने बदलल्याची तारीख आणि मीटरवरचा आकडा लिहावा. या गाड्यांचे चालक बदलत असतात, आणि मीटर चालू असेलच याची खात्री नसल्याने तारीख तरी वाचता आली पाहिजे.